सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि न उतरणारा थकवा

रविवारी घरी पाहुणे येतात. दोन-तीन तास उठबस होते, रात्री नीट झोपही लागते. सोमवार बरा जातो. मंगळवारी सकाळी मात्र केस विंचरायला हात वर होत नाही, घसा दुखतो, वाचलेली ओळ डोक्यात शिरत नाही, आणि हे पुढे चार-पाच दिवस चालतं. क्रॉनिक फटीग सिंड्रोम ओळखायचा तो या उशिरा येणाऱ्या कोसळण्यावरून. श्रमानंतर साधारण १२ ते ४८ तासांनी ते येतं. रुग्णाला आणि घरच्यांना रविवार आणि मंगळवार यांचा संबंध लागत नाही, आणि मग ‘आळस’ हा शब्द घरात फिरू लागतो.

२०१५ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निदानाचे निकष ठरवले. सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेला, पूर्वी नसलेला आणि कामकाज बऱ्यापैकी बंद पाडणारा थकवा, श्रमानंतरचं कोसळणं, आणि झोपूनही ताजंतवानं न वाटणं ही तिन्ही लक्षणं हवीतच. शिवाय मेंदू मंदावणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, यांपैकी निदान एक हवं. याच आजाराला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस असंही म्हणतात. ते नाव १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये २९२ कर्मचारी आजारी पडले, त्यानंतर रूढ झालं.

हार्मोन्सवर संशय येणं साहजिक होतं. अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या की होणाऱ्या अ‍ॅडिसन आजारातही माणूस असाच गळून जातो, उभं राहिलं की भोवळ येते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, पीयूषिका एसीटीएच सोडते, आणि त्या हुकमावरून मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. शरीराला ताण पेलायला मदत करणारं हे हार्मोन, कॉर्टिसॉल, पहाटे चढू लागतं, सकाळी आठच्या सुमारास भरात असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. १९९१ साली अमेरिकी संशोधकांना क्रॉनिक फटीगच्या रुग्णांच्या २४ तासांच्या लघवीत कॉर्टिसॉल कमी आढळलं. पुढच्या अनेक अभ्यासांतही, सगळ्या नाही, सकाळचा चढ थोडा बसका दिसला.

यातला ‘थोडा’ महत्त्वाचा. सरासरी घसरते, पण बहुतेक रुग्णांचा आकडा प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेतच राहतो. शिवाय तुटलेली झोप, महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहणं आणि काही औषधं यांनीही हा चढ बसका होतो. विषाणूजन्य तापानंतर ज्यांना हा आजार जडला, त्यांच्या पाठपुराव्यात सुरुवातीच्या काळात कॉर्टिसॉलचा बिघाड दिसला नाही. तो मागाहून दिसतो. म्हणून आमचा कल असा, की कॉर्टिसॉलची घसरण हे बहुतांश आजाराचं फळ आहे. ती आजाराला जखडून ठेवायला हातभार लावत असेल, पण आजार सुरू करत असेल असं वाटत नाही. लाँग कोविडच्या रुग्णांतही २०२३ च्या एका अभ्यासात कॉर्टिसॉल कमी आढळलं. तिथेही आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न तसाच आहे.

मग बाहेरून कॉर्टिसॉल दिलं तर? तेही करून झालं. १९९८ च्या अमेरिकी चाचणीत ७० रुग्णांना १२ आठवडे हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल) किंवा नुसती साखरगोळी दिली. औषधाने किंचित बरं वाटलं, पण औषध घेणाऱ्यांपैकी १२ जणांच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावल्या. १९९९ साली लंडनला ३२ जणांना रोज ५ किंवा १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत २८ दिवस देऊन पाहिलं. काहींना फरक पडला, पण तो थोड्या दिवसांपुरताच तपासला होता. मीठ-पाणी धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन २००१ साली १०० जणांवर वापरलं, ते साखरगोळीपुढे सरस ठरलं नाही. ‘अ‍ॅड्रीनल फटीग’ (अधिवृक्क ग्रंथी ‘थकल्या’) या नावाने विकली जाणारी लाळेच्या चाचण्यांची पॅकेजं आणि ग्रंथींच्या अर्काच्या कॅप्सूल यांवर एक रुपयाही घालवू नये. असा आजार अंतःस्रावतज्ज्ञ मानत नाहीत.

हार्मोन तपासायचे ते दुसऱ्याच कारणासाठी: थकव्याच्या आड उपचार असलेला आजार लपलेला नाही ना, हे पाहायला. आणि चूक बहुधा रक्त घेतानाच होते. घरी नमुना घ्यायला येणारा मुलगा साडेदहाला उगवतो, तोवर कॉर्टिसॉल उतरलेलं असतं आणि रिपोर्टवर लाल अक्षर येतं. नमुना सकाळी आठ ते नऊच्या दरम्यानच द्यावा. रात्रपाळी करणाऱ्यांना हे गणित जसंच्या तसं लागू नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा फुगतो. स्टिरॉइड असलेला दम्याचा पंप, त्वचेवरचं मलम आणि गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन यांनी तो पडतो, म्हणून हे सगळं डॉक्टरांना सांगावं. डेसीलिटरला ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं तर ग्रंथींचा खरा बिघाड संभवतो, १५ च्या वर आलं तर तो जवळपास बाद. मधल्या आकड्यांसाठी एसीटीएचचं इंजेक्शन देऊन पुन्हा कॉर्टिसॉल मोजतात. त्यासाठीचं सायनॅक्थेन हे इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून बरेच तज्ज्ञ अ‍ॅक्टन प्रोलाँगॅटम हे एसीटीएचचंच दुसरं इंजेक्शन वापरतात.

आपल्याकडे तीन गोष्टी आवर्जून विचाराव्या लागतात. पहिली, सांधेदुखीवर किंवा दम्यावर ‘लगेच गुण’ देणारी पुडी घेतली होती का? अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि ती अचानक बंद केली की माणूस खऱ्या अर्थाने कोसळतो. दुसरी, क्षयरोग होऊन गेला आहे का? तो अधिवृक्क ग्रंथी खातो. मग तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात, मीठ खावंसं वाटतं. तिसरी बायकांसाठी: बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन नंतर दूध आलंच नाही, पाळीही परतली नाही, असं घडलं का? ते शीहान सिंड्रोम, म्हणजे पीयूषिकेलाच इजा. यात थायरॉइडला हुकूम देणारं पीयूषिकेचं हार्मोन, टीएसएच, नुसतं तपासलं तर सामान्य येऊ शकतं, म्हणून सोबत थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, फ्री टी ४, हवं. आणि कॉर्टिसॉलची कमतरता न भरता थायरॉइडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर आकडे फसवे येतात. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि बी १२ याच सुईत उरकावं. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो.

उभं राहण्याचा त्रास घरीही पडताळता येतो. १० मिनिटं आडवं पडून नाडी आणि रक्तदाब मोजा. मग टाचा भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे ठेवून पाठ भिंतीला टेका, आणि न हलता, न बोलता १० मिनिटं उभे राहा. दर मिनिटाला नोंद घ्या, जवळ कोणीतरी असू द्या, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच आडवे व्हा. रक्तदाब फारसा न पडता नाडी ३० ठोक्यांनी (१२ ते १९ वयात ४० ने) वाढली आणि वाढलेलीच राहिली तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिलं की नाडी फार पळण्याच्या विकाराचा, संशय घ्यावा, आणि पॉट्सवर उपचार आहेत. पाणी-मीठ वाढवणं त्यातलंच, पण रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच कालवावं. अर्धं पाकीट पेल्यात ओतलं की द्रावण भलतंच तीव्र होतं.

रोजचं जगणं मात्र ताकद जपून खर्च करण्यावरच चालतं. सात दिवस सकाळी उठण्याआधी नाडी मोजून सरासरी काढा, त्यात १५ मिळवा. ७८ आली तर ९३. दिवसभर शक्यतो याखाली राहायचं. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारी औषधं, घेणाऱ्यांना हा हिशोब चालत नाही. नाडी मोजणारं घड्याळ मनगटावर बांधून आंघोळ केली की बरेच जण चक्रावतात: गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, हात डोक्याच्या वर असतात, आणि नाडी जिना चढल्यासारखी पळते. प्लास्टिकचं स्टूल घ्या, पाणी कोमट ठेवा, केस धुण्याचा दिवस वेगळा काढा. भाजी आदल्या दिवशी बसून चिरा, पोळ्या सलग न लाटता चार झाल्या की थांबा. फोनवरचं लांबलचक बोलणं आणि भांडणंही याच खात्यातून वजा होतात.

बरं वाटलेल्या दिवशी घात होतो. तुंबलेली धुणीभांडी एकदम उरकली की पुढचा आठवडा जातो. दर आठवड्याला व्यायाम ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याचा सल्ला अनेक वर्षं दिला जाई. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने तो २०२१ साली मागे घेतला आणि हा आजार बरा करण्यासाठी म्हणून कोणतंही औषध किंवा पूरक गोळी देऊ नये, असंही सांगितलं. वेदना, झोप आणि पॉट्स यांवरचे उपचार याला अपवाद आहेत, ते घ्यावेत. कोसळणं न येता सलग दोन आठवडे जितकं जमलं त्याहून थोडं कमीच रोजचं माप ठरवा, आणि विश्रांती थकल्यावर न घेता थकण्याआधी, घड्याळ लावून घ्या: अंधाऱ्या खोलीत, आडवं, मोबाइल दुसऱ्या खोलीत.