उशिरा आलेला आवाज फेकून द्यावा लागतो

स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसतंय आणि तरी कॉलवर समोरच्याचं बोलणं तुटतंय, हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. मग आपण अजून मोठा प्लॅन घेतो आणि बरेचदा काहीच फरक पडत नाही, कारण आवाजाला स्पीड फारसा लागतच नाही. साध्या टेलिफोनच्या दर्जाचा जी.७११ कोडेक (आवाजाचे आकडे करणारी पद्धत) घेतला तर सेकंदाला ६४ किलोबिट, हेडर्स (पत्ता वगैरे माहिती) धरून साधारण ८०, बस्स. आवाजाला लागतं ते वेळेवर पोचणं.

जरा जवळून बघू. आपण बोलतो तेव्हा हा कोडेक सेकंदाला ८००० वेळा आवाज मोजतो, त्याचे २०-२० मिलीसेकंदांचे तुकडे पाडतो आणि एकेक तुकडा पॅकेटमध्ये घालून पाठवतो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट्स. प्रत्येकावर एक नंबर असतो आणि तो आवाज कुठल्या क्षणाचा आहे ती वेळ असते, हे काम आरटीपी नावाचा प्रोटोकॉल १९९६ पासून करतोय. निघताना पॅकेट्स अगदी ठरल्या अंतराने निघतात पण वाटेत प्रत्येक राउटरवर रांग कमीजास्त असते, कुणी ५ मिलीसेकंद अडकतं कुणी ४०, त्यामुळे पोचताना दोन एकदम येतात, मग काहीच नाही, मग तीन. या मागेपुढे होण्यालाच जिटर म्हणतात.

म्हणून समोरचा फोन आलेलं पॅकेट लगेच वाजवत नाही, थोडी शिल्लक ठेवतो, समजा ६० मिलीसेकंदांची. आता ४७ नंबरची पाळी आली आणि ते आलेलंच नाही तर? थांबून चालत नाही, बोलणं पुढे चाललंय. मग सॉफ्टवेअर ४६ मधली लहर तशीच पुढे ओढून फट बुजवतं. एखादं पॅकेट गेलं तर कानाला कळतही नाही, ओळीने चार-पाच गेली की तोच तो रोबोटसारखा आवाज. आणि ४७ नंबरचं पॅकेट १० मिलीसेकंद उशिरा धडधाकट येऊन पोचलं तरी उपयोग नाही, त्याची वेळ गेली.

मग शिल्लक वाढवायची ना? वाढवता येते, पण तेवढा संवाद उशिरा होतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत असेल तर सहसा अडचण येत नाही, त्यापुढे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, एकदम थांबतात. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहावरून कॉल गेला तर नुसत्या वर-खाली जाण्यातच २४० च्या आसपास मिलीसेकंद जातात, तिथे कितीही पैसे ओता, काही करता येत नाही.

हरवलेलं पॅकेट परत मागवायचं काम टीसीपी हा प्रोटोकॉल करतो, पण तोवर मागचं सगळं अडवून धरतो. १९७४ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन आणि त्यांचे सहकारी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरून बोलण्याचे प्रयोग करत होते, आणि अशा कामाला ही अडवणूक नको म्हणूनही १९७८ मध्ये टीसीपीतून आयपी, म्हणजे पॅकेट नुसतं पत्त्यावर पाठवण्याचं काम, वेगळं काढलं गेलं, पुढे १९८० मध्ये यूडीपी आलं, ज्यात गेलं ते गेलं. मला हा इंटरनेटच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. सिनेमाचं तसं सोपं असतं, तो पुढचे २०-३० सेकंद आधीच भरून ठेवू शकतो आणि नेट मंदावलं की हलक्या दर्जाचे तुकडे मागवतो.

कॉलची खरी वाट बऱ्याचदा घरातल्या राउटरमध्येच लागते. समजा अपलोड ८ एमबीपीएस आहे आणि राउटर १ एमबीची रांग साठू देतो. कुणीतरी फोटोंचा बॅकअप लावला की रांग भरते, आणि ती रिकामी व्हायला पूर्ण १ सेकंद लागतो, आपलं चिमुकलं आवाजाचं पॅकेट त्या १ सेकंदाच्या शेपटीला उभं! याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली, ती पॅकेट रांगेत किती वेळ थांबलंय ते बघते आणि गर्दी रेंगाळायला लागली की काही पॅकेट्स टाकून देते, म्हणजे पाठवणारा आपोआप दमाने घेतो.

तुमच्याकडे काय होतंय ते बघायचं असेल तर पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती मिलीसेकंद लागतात ते दाखवणारी चाचणी) चालू ठेवून एक मोठी फाईल अपलोडला लावा. २० चा आकडा ८०० वर गेला तर राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय आहे का ते शोधा, आणि त्यात अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडपेक्षा थोडी खाली ठेवा.