प्रवाळ मत्स्यालयातील पोषकद्रव्यांचे नियमन

खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत जिवंत प्रवाळ सांभाळताना पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट आणि फॉस्फेट या दोन पोषकद्रव्यांची पातळी प्रवाळांना मानवेल इतकी कमी, पण शून्याच्या वर आणि शक्य तितकी स्थिर ठेवण्याच्या कामाला पोषकद्रव्यांचे नियमन म्हणतात. सातारा-सांगलीच्या वाचकाला ही द्रव्ये अनोळखी नाहीत. खताच्या पोत्यावर नत्र आणि स्फुरद म्हणून ज्यांचे प्रमाण छापलेले असते, त्यांचीच ही पाण्यातली रूपे आहेत. फरक आहे तो मापाचा. शेतात ती एकरी किलोंत मोजतात, तर प्रवाळ टाकीत नायट्रेट लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आणि फॉस्फेट मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात मोजावे लागते.

प्रवाळ हा प्राणी आहे, मात्र त्याच्या ऊतींत सूक्ष्म सहजीवी शैवाल राहते आणि प्रकाशाच्या साहाय्याने ते जे अन्न तयार करते त्यातूनच उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळांची ऊर्जेची गरज मोठ्या प्रमाणात भागते. शैवालाला वाढीसाठी नत्र-स्फुरद लागते. ते प्रमाणाबाहेर मिळाले तर शैवालपेशींची संख्या वाढते, निळे-जांभळे ॲक्रोपोरा (फांद्या फुटणारे कठीण प्रवाळ) तपकिरी पडतात, आणि पाण्यातील फॉस्फेट कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांच्या वाढीत अडथळा आणत असल्याने सांगाड्याची बांधणीही मंदावते. उलट ही द्रव्ये संपली की शैवाल उपाशी राहते, प्रवाळ फिकट होतो आणि तीव्र प्रकाश त्याला सोसत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, नत्र भरपूर आणि स्फुरद अपुरे अशी स्थिती आली तर सहजीवी शैवालाच्या पेशीपटलांतील मेदांची घडण बदलते आणि प्रवाळ उष्णतेला व प्रकाशाला लवकर बळी पडून पांढरा पडतो. म्हणून एक द्रव्य कमी करताना दुसऱ्याकडे पाहणे सोडता येत नाही.

येथे एक गैरसमज मुळातून दूर करायला हवा. निसर्गातील प्रवाळभित्तींभोवतीच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ नसल्यासारखेच असते, म्हणून टाकीतही ते शून्य असावे, असा तर्क अनेक वर्षे केला गेला. परंतु समुद्रात ही पातळी कमी असली तरी पुरवठा अखंड असतो. प्रत्येक लाटेबरोबर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) येतात, माशांचे थवे प्रवाळांवरून फिरतात आणि त्यांच्या उत्सर्जनातून अमोनिया सतत मिळत राहतो. दोनशे लिटरच्या टाकीत तीन-चार मासे आणि दिवसातून एकदा चिमूटभर खाद्य एवढीच आवक असते. तेथे मोजमाप शून्य आले तर त्याचा अर्थ बहुधा उपासमार असा होतो. शून्याचा हा आग्रह प्रवाळांना अस्वच्छतेइतकाच घातक ठरतो.

या कामाची पद्धत हळूहळू घडत गेली. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक (जिवाणू आणि लहान जीव वसलेला समुद्री खडक) आणि हवेचे बुडबुडे यांच्या आधारे प्रवाळ जगवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनमधील हौशी मत्स्यपालकांनी जिवंत खडक, प्रभावी प्रोटीन स्किमर (सेंद्रिय मळ फेसाबरोबर बाहेर काढणारे उपकरण) आणि तीव्र प्रकाश यांची जोड घातली. खडकाच्या पृष्ठभागावरील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तर आतील प्राणवायूविरहित छिद्रांतील जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फेटला अशी वायूची वाट नाही. ते टाकीत राहते किंवा कोणीतरी बाहेर काढावे लागते.

मऊ आणि कठीण प्रवाळ एकत्र असलेल्या सर्वसाधारण मिश्र टाकीत नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० मिलिग्रॅम या पट्ट्यात ठेवण्याचा प्रघात आहे. मऊ आणि मांसल प्रवाळ याहून अधिकही सोसतात. समुद्रशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे समुद्री प्लवकांतील प्रमाण नत्राचे सोळा अणू आणि स्फुरदाचा एक अणू असे आहे. वजनात ते नायट्रेट दहा आणि फॉस्फेट एक असे पडते. हे प्रमाण प्लवकांचे आहे, टाकीसाठीचे फर्मान नव्हे, आणि त्याच्यामागे लागून नीट वाढणाऱ्या प्रवाळांचे पाणी ढवळणे योग्य नाही.

मोजणीतील चुका बहुधा साध्या असतात. नायट्रेट तपासण्याच्या काही किटमधील एका बाटलीतला घटक तळाशी बसतो. ती बाटली सांगितलेला वेळ जोरात हलवली नाही तर काचनळीतील पाणी फिकट राहते आणि मत्स्यपालक समाधानाने वहीत चुकीचा आकडा लिहितो. नव्या टाकीत नायट्राइट शिल्लक असेल तर त्याने नायट्रेटचा आकडा फुगतो. फॉस्फेटसाठी वापरले जाणारे काही छोटे प्रकाशमापक फॉस्फेट न दाखवता फॉस्फरसचा आकडा अब्जांश भागांत दाखवतात. पडद्यावर २० दिसले तर त्याला ३.०७ ने गुणून हजाराने भागायचे, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिग्रॅम फॉस्फेट मिळते. नळीवर बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी हा आकडा बदलतो, म्हणून नळी मऊ कापडाने पुसून मगच यंत्रात ठेवावी. एका आकड्यावर निर्णय न घेता आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी घेतलेल्या नोंदींचा कल पाहावा. तासगाव भागातील द्राक्षबागायतदार पानांच्या देठांची तपासणी करून मगच खताची मात्रा ठरवतात. टाकीलाही हीच शिस्त लागते.

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेला वसलेल्या या दोन जिल्ह्यांत प्रश्न सुरू होतो तो गोड्या पाण्यापासून. सिंचनाखालील ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यात बोअरचे पाणी कठीण असते आणि वर्षानुवर्षे दिलेल्या खतांमधील नत्र झिरपून त्यात नायट्रेट उतरू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट एवढी आहे. म्हणजे माणसाला चालणारे पाणीही प्रवाळाला जड जाऊ शकते. त्यातच उन्हाळ्यात सांगली-मिरजेच्या कोरड्या उष्म्यात टाकी थंड ठेवण्यासाठी पंखा लावला की बाष्पीभवन आणखी वाढते. वाफेने जाते ते निव्वळ पाणी; त्या जागी बोअरचे पाणी भरत राहिल्यास त्यातले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट टाकीतच साचत जाते. वाळवा, पलूस, मिरज भागात अतिसिंचनाने जमिनी क्षारपड झाल्या त्यामागेही हेच गणित होते: पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले.

म्हणून भरणीसाठी आणि मीठ कालवण्यासाठी आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांमधून) गेलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप शून्य दाखवणारे पाणीच वापरावे. स्वयंपाकघरातील प्यूरिफायर या कामाचा नाही, कारण चवीसाठी त्यातील टीडीएस कंट्रोलर थोडे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात मिसळत असतो. आरओचे पटल इतर क्षारांच्या तुलनेत नायट्रेट कमी अडवते, त्यामुळे पुढचे रेझिन वेळेवर बदलणे येथे अधिक महत्त्वाचे ठरते.

आवक रोखण्याचा दुसरा मार्ग खाद्याचा आहे. गोठवलेल्या मायसिसचे (कोळंबीसारख्या लहान जिवांच्या खाद्याचे) पाणी निथळून टाकण्याने फारसा फरक पडत नाही. फॉस्फेट मुख्यतः खाद्याच्या मांसातच असते. माशांनी दोन मिनिटांत संपवावे एवढेच द्यावे, पण फॉस्फेट वाढले म्हणून माशांना उपाशी ठेवू नये.

निर्गमाचे उपाय अनेक असले तरी प्रत्येकाचे काम वेगळे आहे. प्रोटीन स्किमर विरघळलेले नायट्रेट किंवा फॉस्फेट काढत नाही. सेंद्रिय पदार्थ कुजून त्यांचे रूपांतर होण्याआधीच तो फेसाबरोबर बाहेर टाकतो. पाणीबदल खात्रीचा आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी: नायट्रेट २० असताना वीस टक्के पाणी बदलले तर १६ उरते, पुढच्या खेपेस १२.८, आणि मधल्या काळात खाद्याची भर पडतच असते. संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) कीटोमॉर्फा हे गुंतलेल्या दोऱ्यांसारखे शैवाल वाढवून दर आठवड्याला त्याची कापणी केली तर नत्र आणि स्फुरद दोन्ही टाकीबाहेर जातात. मात्र नायट्रेट संपले की हे शैवाल वाढायचे थांबते आणि फॉस्फेट तसेच राहते. व्हिनेगर किंवा व्होडकासारखा कार्बनस्रोत थेंबाथेंबाने दिल्यास जिवाणू वाढून दोन्ही द्रव्ये शोषतात आणि स्किमर त्यांना खेचून घेतो. हा उपाय जोरकस आहे, म्हणूनच घाईच्या हातात धोक्याचा आहे, कारण वाढणारे जिवाणू प्राणवायूही ओढतात.

दाणेदार फेरिक ऑक्साइड फॉस्फेट धरून ठेवते आणि त्याचा परिणाम एका दिवसात दिसतो. गोंधळ त्यानंतर होतो. टाकीतील चुनखडीयुक्त खडक आणि वाळू यांनी महिनोन्‌महिने फॉस्फेट पोटात साठवलेले असते; पाण्यातील पातळी उतरली की ते परत सोडू लागतात. ०.३० वरून ०.०५ वर आलेला आकडा चार दिवसांत पुन्हा वर चढलेला दिसतो आणि फेरिक ऑक्साइड निकामी निघाले असा समज होतो. प्रत्यक्षात खडक रिकामा होत असतो. त्यासाठी अर्ध्या मात्रेने सुरुवात करून काही आठवडे, कधी महिने देणे हाच मार्ग आहे, कारण फॉस्फेट एकदम उतरल्यास ॲक्रोपोराच्या फांद्यांची टोके जळाल्यासारखी पांढरी होऊन ऊती सुटू लागतात. क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची पाण्याची क्षमता; खारेपणा नव्हे) जास्त असताना हा धोका वाढतो. पोषकद्रव्ये कमी ठेवायची असतील तर क्षारता सागरी पातळीजवळ, ७ ते ८ डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक) यांच्या आसपास स्थिर राखावी.

कोऱ्या, सुक्या खडकावर उभारलेल्या टाकीत याच्या उलट घडते. नवा खडक फॉस्फेट ओढून घेतो, दोन्ही आकडे शून्यावर जातात, आणि वाळूवर बुडबुडे अडकलेला तपकिरी, शेंबडासारखा थर पसरतो. तो अनेकदा डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा असतो. घाण समजून पाणी वारंवार बदलले, खाद्य तोडले, की तो अधिकच फोफावतो. अशा वेळी नत्र-स्फुरद मोजून वाढवावे लागते. शंभर लिटर पाण्यात नायट्रेट लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायला शुद्ध सोडियम नायट्रेट १३७ मिलिग्रॅम पुरते. या भागात कृषी सेवा केंद्रात १३:०:४५ आणि ०:५२:३४ ही विद्राव्य खते सहज मिळतात आणि मोह होणे स्वाभाविक आहे, कारण पहिले पोटॅशियम नायट्रेट आणि दुसरे मोनोपोटॅशियम फॉस्फेटच असते. तरीही त्यांची शुद्धता पिकासाठी ठरवलेली असते. प्रयोगशाळा दर्जाचे क्षारच वापरावेत. १९:१९:१९ मध्ये अमोनियम आणि युरियाच्या रूपातले नत्र असल्याने ते टाकीजवळही नेऊ नये.

मालवणला सहलीस गेलेल्यांनी किनाऱ्यावरून खडक किंवा प्रवाळ आणून टाकीत ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. टाकीसाठीचे प्रवाळ कायदेशीर मार्गाने आलेले आहेत याची कागदपत्रे विक्रेत्याकडून घेणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे.

वीज जाणे हा येथील पोषकद्रव्यांच्या हिशेबातला वेगळाच भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली वेढली गेली, तशा प्रसंगी पुरवठा दीर्घकाळ खंडित राहू शकतो. पंप थांबले की प्राणवायू घटतो, खडकातले लहान जीव मरतात आणि अमोनिया वाढतो. समुद्री पाण्याच्या सामूवर त्याचा विषारी वाटाही अधिक असतो. पावसाळ्याआधी बॅटरीवरचा एअर पंप तपासून ठेवावा, वीज गेल्यावर खाद्य आणि कार्बनस्रोत लगेच थांबवावेत, आणि वीज परत आल्यावर कोणताही उपाय सुरू करण्यापूर्वी प्रथम अमोनिया मोजावा, मग नायट्रेट आणि फॉस्फेट.