भट्टी कुणाची, पॅटर्न कुणाचा : एनव्हिडियाच्या शेअरमागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात फाउंड्री म्हटलं की शिरोली आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी डोळ्यांपुढे येते. वाळूचे साचे, इंडक्शन फर्नेस, रात्रपाळीत ओतलं जाणारं लोखंड. एआय चिपच्या बातम्यांतही हाच शब्द सतत येतो आणि इथल्या गुंतवणूकदाराची पहिली गफलत तिथेच होते. एनव्हिडिया ही 'चिप बनवणारी कंपनी', म्हणजे तिची मोठी फाउंड्री असणार, असं तो धरून चालतो. दहा-पंधरा वर्षांसाठी तिचा शेअर घ्यावा का, हा प्रश्न माझ्याकडे अनेकांनी आणला. मी वर्षानुवर्षं फाउंड्र्यांचे हिशेब लिहीत आलोय, म्हणून. त्यातले एक गृहस्थ स्वतः फाउंड्री चालवतात. त्यांचा पहिला सवाल होता, "त्यांची भट्टी किती टनाची हाय?"

एनव्हिडियाकडे भट्टीच नाही. चिपच्या धंद्यात फाउंड्री म्हणजे दुसऱ्याने आखलेली चिप सिलिकॉनवर उतरवून देणारा कारखाना. केवळ हेच काम करायचं, स्वतःच्या नावाची चिप विकायची नाही, या तत्त्वावर १९८७ मध्ये तैवानमध्ये एक कंपनी उभी राहिली. एनव्हिडियाची स्थापना १९९३ची, कॅलिफोर्नियातली. १९९८ पासून ती प्रामुख्याने या तैवानी कंपनीकडून चिप करून घेते. चिपला जोडायची वेगवान मेमरी मुख्यतः दक्षिण कोरियातून येते, जुळणी आणखी कुणी करतं. एनव्हिडियाचं स्वतःचं म्हणजे आखणी आणि सॉफ्टवेअर.

हे त्या गृहस्थांना त्यांच्याच शेडमध्ये उभं राहून सांगणं सोपं गेलं. भिंतीलगतच्या लोखंडी रॅकवर पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, रचलेले होते, काही अ‍ॅल्युमिनियमचे, काही लाकडी. प्रत्येकावर पिवळ्या रंगात गिऱ्हाइकाचं नाव आणि ड्रॉइंगचा नंबर. एका लाकडी पॅटर्नच्या कडा झिजल्या होत्या, तिथे पुटी भरून पुन्हा घासून घेतलं होतं. हे पॅटर्न फाउंड्रीचे नाहीत, गिऱ्हाइकाचे आहेत. फाउंड्रीला किलोमागे दर मिळतो. तो तयार पार्ट पुढे कितीला विकला जातो, याच्याशी तिचा संबंध नाही. एनव्हिडिया म्हणजे या रॅकवरच्या पॅटर्नची मालक.

"म्हंजे पॅटर्न त्यांचा, भट्टी दुसऱ्याची. मग साहेब, रिजेक्शन कुणाच्या खात्यावर?"

रिजेक्शन म्हणजे खराब निघालेला माल. कंपनीच्या मूल्यांकनाबद्दल मी ऐकलेल्या प्रश्नांत हा सर्वांत नेमका होता, आणि त्याचं उत्तर जुन्या ताळेबंदांत आहे. २००८ मध्ये लॅपटॉपमधल्या काही चिप पॅकेजिंगच्या साहित्यातल्या दोषामुळे निकामी होऊ लागल्या. त्यापोटी एनव्हिडियाने एकाच तिमाहीत १९.६ कोटी डॉलर खर्ची टाकले. २०२४ मध्ये ब्लॅकवेल मालिकेची चिप पुरेशा संख्येने चांगली निघेना. दोष आखणीतला होता आणि तो पूर्णपणे आमचाच होता, असं कंपनीच्या प्रमुखांनी त्या ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केलं. मास्क बदलावा लागला. मास्क म्हणजे चिपचा पॅटर्नच.

रिजेक्शनपेक्षा मोठा धोका पडून राहिलेल्या मालाचा. भट्टी आपली नसली तरी तिची पाळी आगाऊ धरून ठेवावी लागते, पुढच्या कित्येक महिन्यांची बोली आज करावी लागते. २०२२ मध्ये मागणी अचानक आटली, तेव्हा कंपनीला साठ्यापोटी एका तिमाहीत १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम तोट्यात टाकावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने चीनसाठी मुद्दाम बेतलेल्या चिपवर परवान्याची अट घातली आणि आणखी ४.५ अब्ज डॉलर गेले. कारखाना नाही म्हणून जोखीम नाही, ही समजूत या दोन आकड्यांपुढे टिकत नाही.

भट्टी नसल्याचा फायदाही तेवढाच ठळक आहे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात विक्री १३०.५ अब्ज डॉलर झाली आणि ढोबळ नफ्याचं प्रमाण, म्हणजे विक्रीतून माल करून घेण्याचा खर्च वजा जाता उरणारा वाटा, ७५ टक्के राहिलं. आमच्याकडे ओतकाम करणाऱ्याला असा आकडा स्वप्नातही दिसत नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी, जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षात, विक्री २७ अब्ज होती आणि प्रमाण ५७ टक्के. दीर्घ मुदतीचा हिशेब मांडताना खरा वाद या ७५ टक्क्यांचा आहे. ही कंपनीची कायमची ताकद म्हणायची, की मालाच्या टंचाईचा भाव? २०२३ मध्ये तैवानमध्ये चिप आणि मेमरी एकत्र बसवण्याची क्षमताच कमी पडत होती आणि कंपनी मागेल ती किंमत गिऱ्हाईक देत होतं. टंचाईचा भाव टंचाई असेतोवरच मिळतो, हे गुळाच्या सौद्यात बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. माझं मत असं, की या आकड्यातला मोठा भाग टंचाईचा आहे आणि पुढच्या दहा वर्षांच्या गणितात तो जसाच्या तसा धरू नये.

उरलेला भाग मात्र खरोखर कमावलेला आहे. २००६ मध्ये कंपनीने कुडा आणलं. ग्राफिक्सच्या चिपवर इतर आकडेमोड करता यावी, यासाठीचं हे सॉफ्टवेअर. गेम खेळणाऱ्याला त्याचा काही उपयोग नव्हता, तरी प्रत्येक कार्डात त्याची सोय ठेवली आणि खर्च अंगावर घेतला. त्या काळी गुंतवणूकदारांना ही उधळपट्टी वाटली. मग २०१२ मध्ये चित्रं ओळखण्याच्या एका स्पर्धेत न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीने, बाजी मारली. ते गेमिंगच्या दोन साध्या कार्डांवर शिकवलेलं होतं. तिथून संशोधकांचे हात कुडावर बसले ते बसलेच. आज दुसऱ्या कुणाची स्वस्त चिप घ्यायची तर वर्षानुवर्षं लिहिलेला कोड नव्याने जुळवावा लागतो. याला लागणारा वेळ आणि पैसा हीच या कंपनीची खरी मालमत्ता आहे, आणि ती ताळेबंदात दिसत नाही.

शेअरच्या जुन्या इतिहासात फार रमण्यात अर्थ नाही, पण एक गोंधळ दूर करायला हवा. जानेवारी १९९९ मध्ये कंपनीची पहिली भागविक्री १२ डॉलरने झाली. त्यानंतर सहा वेळा शेअरचे तुकडे झाले, शेवटचा जून २०२४ मध्ये, एकाचे दहा. सुरुवातीच्या एका शेअरचे आज ४८० होतात, म्हणजे आजच्या हिशेबाने तो भाव अडीच सेंट. हा आकडा ऐकून माणूस हळहळतो. पण तेव्हा घेतलेला शेअर हातात ठेवणाऱ्याने वाटेत काय सोसलं, तेही मांडायला हवं. २००२ मध्ये भाव सुमारे ९० टक्के पडला, २००७-०८ मध्ये ८० टक्क्यांहून जास्त. २०१८ मध्ये आभासी चलनाच्या खाणकामाची मागणी ओसरली आणि तीन महिन्यांत भाव निम्म्याखाली आला. २०२२ मध्ये दोन-तृतीयांश गेला. पतसंस्थेतली ठेव मोडून पैसे घालणाऱ्याला हे चार आकडे आधी वाचून दाखवावेत, असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि एआय चिपची मागणी उसळली. मे २०२३ मध्ये कंपनीने पुढच्या तिमाहीचा विक्रीचा अंदाज ११ अब्ज डॉलर दिला. जाणकारांची अपेक्षा ७ अब्जांच्या आसपास होती. शेअर एका दिवसात २४ टक्के चढला. मागच्या वर्षाच्या नफ्यावर पीई, म्हणजे शेअरचा भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या किती पट ते, तेव्हा २०० च्या घरात होता आणि महाग म्हणून पुष्कळांनी हात आखडला. वर्षभरात नफाच इतका वाढला की तो भाव स्वस्त ठरला. इथे पीई मोजायचा तो ऐन सुगीच्या नफ्यावर मोजायचा की चार-पाच वर्षांच्या सरासरीवर, यावर उत्तर पूर्ण फिरतं. पुढे जून २०२४ मध्ये बाजारमूल्य ३ लाख कोटी डॉलरवर गेलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ लाख कोटींवर. मधे २७ जानेवारी २०२५ ला, एका चिनी कंपनीने कमी खर्चात चांगलं एआय मॉडेल तयार केल्याची बातमी पसरली आणि एका दिवसात १७ टक्के, सुमारे ५८९ अब्ज डॉलर, उडाले.

तुलना नेहमी सिस्कोशी होते. इंटरनेटच्या लाटेत राउटर विकणारी ही कंपनी मार्च २००० मध्ये जगात सर्वांत मोठ्या बाजारमूल्याची होती. इंटरनेट वाढलं, सिस्कोची विक्रीही वाढली, पण शेअरला मार्च २००० चा उच्चांकी बंद भाव पुन्हा गाठायला डिसेंबर २०२५ उजाडलं. कंपनी चांगली निघाली, भाव चुकला.

इथून पैसे पाठवण्याचा रस्ता २००४ चा. परदेशात वर्षाला २५ हजार डॉलर पाठवायची मुभा तेव्हा मिळाली. मर्यादा वाढत गेली, २०१३ मध्ये रुपया घसरल्यावर ७५ हजारांवर आणली गेली, आणि २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, लागला, एप्रिल २०२५ पासून ती सीमा १० लाख झाली. तो कर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. परदेशी शेअर २४ महिन्यांनंतर दीर्घ मुदतीचा ठरतो आणि २३ जुलै २०२४ पासून नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. अमेरिकेतला वारसा कर मात्र इथे कुणी विचारातच घेत नाही. अनिवासी परदेशी माणसाच्या नावावरच्या अमेरिकी शेअरना मृत्यूनंतर फक्त ६० हजार डॉलरपर्यंत सूट आहे, वरच्या रकमेवर दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. मुलांसाठी म्हणून घेतलेल्या शेअरचा विचार करताना हा कर सोडून चालणार नाही.

शेवटी पुन्हा त्या गृहस्थांकडे. त्यांनी जाता जाता विचारलं, या चिप घेणाऱ्यांच्या वहीत घसारा किती वर्षांचा? आपल्याकडे आयकरात यंत्राला १५ टक्के आणि संगणकाला ४० टक्के घसारा मिळतो, त्यामुळे त्यांना हा प्रश्न साहजिक सुचला. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची ३४ टक्के विक्री तीन थेट गिऱ्हाइकांकडे झाली. असा माल शेवटी ज्या मोजक्या बड्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये जाऊन बसतो, त्या तो किती वर्षं चालेल असं मानतात, त्यावर नवी खरेदी अवलंबून आहे. २०२५ च्या सुरुवातीला त्यातल्या एकीने काही सर्व्हरचं आयुष्य सहा वर्षांवरून पाच केलं, कारण दिलं एआयच्या वेगाचं. त्याच सुमारास दुसरीने आपल्या बहुतेक सर्व्हरचं आयुष्य वाढवून साडेपाच वर्षं केलं.