क्षत्रपांचं नाणं एकट्याने वाचता येत नाही

पश्चिम क्षत्रप म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत गुजरात-माळव्याकडे राज्य करणारे शक राजे. त्यांचं चांदीचं नाणं पहिल्यांदा हातात आलं की वाटतं, एवढंसंच? अंगठ्याच्या नखाएवढा आकार आणि दोन ग्रॅमच्या आसपास वजन. एका बाजूला राजाचा चेहरा: डोक्याला चापून बसलेली टोपी, मिशा, मानेवर रुळणारे केस आणि डोक्यामागे वर्षाचा आकडा. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्यावर चंद्रकोर, खाली नदीसारखी नागमोडी रेघ आणि कडेने गोल फिरणारी ब्राह्मी अक्षरं. या अक्षरांत नाणं पाडणाऱ्या राजाचं नाव असतं, त्याच्या वडिलांचं नाव असतं आणि दोघांच्या पदव्याही असतात. प्राचीन भारतातल्या नाण्यांमध्ये इतकी माहिती एकत्र देणारी नाणी फार थोडी.

पण अडचण अशी, की नाणं पाडायचा ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. ठोका थोडा सरकला तरी अर्धी अक्षरं चकतीबाहेर जातात. कुठे वडिलांचं नाव उमटतं आणि मुलाचं जातं, कुठे आकड्यातला शेवटचा अंक जातो. म्हणून संग्राहक आपलं नाणं दुसऱ्याला दाखवतो, दुसऱ्याचं मागून बघतो. ही देवाणघेवाण आजची नाही. ही नाणी मुळात वाचता आली तीच या सवयीमुळे.

सुरुवात कलकत्त्याच्या टाकसाळीत झाली. तिथे धातूची पारख करणारे जेम्स प्रिन्सेप एशियाटिक सोसायटीचे सचिवही होते. ठिकठिकाणचे अधिकारी आणि हौशी लोक त्यांना नाणी, नाण्यांची चित्रं, शिलालेखांचे ठसे पाठवत. त्यात सौराष्ट्रातली ही लहान चांदीची नाणीही होती. प्रिन्सेप यांना या नाण्यांवर एक अक्षर शब्दांच्या शेवटी पुन्हा पुन्हा दिसलं. ते होतं षष्ठीचा ‘स’, म्हणजे ‘अमक्याचा’. 1837 साली सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख त्यांच्यासमोर आले. प्रत्येकाच्या शेवटी तीच दोन अक्षरं आणि त्यांच्या आधी तोच ‘स’. अमक्याचं काय? दान. ‘दानं’ हा शब्द सुटला आणि ब्राह्मी लिपी उलगडत गेली. अशोकाचे लेख वाचता आले, यामागे कुणीतरी पाठवलेल्या या बारक्या नाण्यांचाही हात आहे, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं.

पुढचं काम मुंबईत झालं. गोव्यात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड दवाखाना सांभाळून नाणी आणि शिलालेख जमवत होते. 1861 साली त्यांच्याकडे जुनागढचा एक तरुण आला, भगवानलाल इंद्रजी. या मुलाने शाळकरी वयात गिरनारच्या खडकावरची अक्षरं प्रिन्सेपच्या तक्त्याशी ताडून स्वतःची स्वतः लिपी शिकून घेतली होती. भाऊ दाजींसाठी तो देशभर हिंडला आणि लेखांच्या नकला करून आणल्या. 1874 साली भाऊ दाजी गेले, त्यानंतरही भगवानलाल थांबले नाहीत. जुन्या अंकचिन्हांवरचं त्यांचं काम 1877 साली प्रसिद्ध झालं आणि क्षत्रप नाण्यांच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोलाचं ठरलं. या आकड्यांत शून्य नाही. शंभराचं चिन्ह वेगळं, सत्तरचं वेगळं, दोनाचं वेगळं. तिन्ही एकाखाली एक मांडली की झाले 172. हे शक वर्ष, त्यात 78 मिळवले की इसवी सन.

एकदा आकडे वाचता आल्यावर घराण्याची वंशावळ मांडता येऊ लागली. थोरला राजा महाक्षत्रप, त्याच्या हाताखालचा धाकटा क्षत्रप, आणि दोघेही आपापल्या नावाने नाणी पाडत. गादी बऱ्याचदा भावाकडून भावाकडे जाई. कुठल्या ग्रंथात न सापडणारी ही पद्धत निव्वळ नाण्यांवरून कळली. भगवानलाल 1888 साली वारले. या नाण्यांवरचा त्यांचा निबंध 1890 साली लंडनमध्ये ई. जे. रॅप्सन यांच्या संपादनाखाली छापला गेला. त्यांचा नाणेसंग्रह त्यांच्याच इच्छेप्रमाणे ब्रिटिश म्युझियमकडे गेला. 1908 साली रॅप्सननी तिथल्या नाण्यांची जी सूची केली, ती आजही संग्राहकांच्या टेबलावर असते.

या रांगेत एक राजा मात्र बसत नाही. ईश्वरदत्त. तो नाण्यावर वडिलांचं नाव देत नाही आणि शक वर्षही देत नाही. त्याऐवजी ‘वर्षे प्रथमे’ किंवा ‘वर्षे द्वितीये’ असं अक्षरी लिहितो. म्हणजे हा बाहेरचा माणूस, ज्याने थोडा काळ गादी बळकावली. भगवानलालांनी त्याला आभीर, म्हणजे त्या नावाच्या दुसऱ्या एका राजघराण्यातला मानलं, कारण नाशिकच्या लेण्यात ईश्वरसेन नावाच्या आभीर राजाचा लेख आहे. रॅप्सननी महाक्षत्रपांच्या नाण्यांतली शक 158 ते 161 ही मोकळी जागा हेरून त्याला तिथे, म्हणजे इ.स. 236 ते 239 मध्ये बसवलं. पुरातत्त्वज्ञ दे. रा. भांडारकरांनी त्याला मागे, इ.स. 188 ते 190 मध्ये नेलं. एका राजाच्या काळात पन्नास वर्षांचा फरक, आणि सगळा वाद मोकळ्या जागा आणि चेहऱ्यांची ठेवण यावर चाललेला!

1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रपांच्या क्षहरात घराण्यातल्या राजा नहपान याची. नहपानाच्या नाण्यांवर तीन लिप्या आहेत: ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरांत लिहिलेला मजकूर मात्र ग्रीक नाही, तो प्राकृतच आहे. पण खरी नवलाई पुढे आहे. यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकला होता. राजाच्या गालावर डोंगर उमटलेला, मागच्या बाजूच्या वज्र आणि बाणावर उज्जैनी चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं, चढलेलं. पांडवलेण्यातल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाविषयी सांगते, की त्याने खखरात, म्हणजे क्षहरात, वंश निःशेष केला. तेच वाक्य इथे चांदीवर हजारो वेळा ठोकलेलं आहे. चांगलं नाणं तिरकं धरलं की सातकर्णीच्या डोंगराखालून नहपानाचं नाक अजून दिसतं.

हा साठा तपासणाऱ्या रेव्हरंड स्कॉट यांना नहपानाचे चेहरेच एकमेकांशी जुळेनात. काही तरुण, काही म्हातारे, नाकंही वेगवेगळी. हे एकाच घरातले अनेक जण असावेत, असं त्यांना वाटलं. हजारो नाणी एकत्र पाहायला मिळाली म्हणूनच असा प्रश्न पडू शकला. 1911 साली बांसवाडा संस्थानात सरवाणियाला क्षत्रपांची 2,393 नाणी मिळाली, तेव्हाही तेच झालं. साठा फुटला नाही, तो भांडारकरांपर्यंत पोहोचला आणि वंशावळीतल्या कितीतरी तारखा पक्क्या झाल्या.

म्हणून साठा सापडल्यावर त्याचं काय होतं, हे मला कुठल्याही दुर्मिळ नाण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवलं नाही तर मोडीच्या भावाने चांदी वितळते, किंवा नाणी चार सराफांकडे विखुरतात. अशी नाणी पुढे संग्राहकाकडे येतात खरी, पण कुठल्या गावात, कुठल्या मडक्यात, कुणाच्या जोडीला होती ते कायमचं हरवतं. आणि कुणी चिंच लावून ती घासली, तर आकड्यांच्या बारीक रेषाही जातात. कृपा करून घासू नका.

नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला 1980 च्या दशकात नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, तीही एका संग्राहकाने आणि एका अभ्यासकाने मिळून: के. के. माहेश्वरी आणि डॉ. परमेश्वरीलाल गुप्त. आता ठशांच्या मेणाऐवजी फोनवरचे फोटो फिरतात, दोन्ही बाजू आणि शेजारी ग्रॅममधलं वजन. बाकी रीत तीच.

माझ्याकडच्या एका नाण्यावर ‘दामसेनपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस’ इथपर्यंत वाचता येतं आणि पुढचं नाव काठाबाहेर. दामसेनाला चार मुलगे. वीरदामन महाक्षत्रप झालाच नाही, तो बाद. चेहऱ्यामागे शंभर आणि सत्तर स्पष्ट दिसतात, पुढचा अंक कापलेला. यशोदामन 161 चा, तोही बाद. राहिले विजयसेन आणि तिसरा दामजदश्री. विजयसेनाची नाणी 172 पर्यंत मिळतात, पुढची दामजदश्रीची. दोन वर्षं ते कोडं तसंच राहिलं. मग एका स्नेह्याने आपलं नाणं पाठवलं. डोंगरावरच्या कोरीचं डावं टोक काठाच्या ठिपक्याला चिकटलेलं, अगदी माझ्यासारखंच, म्हणजे ठसा एकच. त्याच्या नाण्याची चकती उजवीकडे सरकलेली होती. तिथे ‘वि’ होता, आणि पुढे ‘ज’चा वरचा अर्धा भाग.