कायदा शिकवणाऱ्याने कोर्ट पाहिलेलं असावं का?

१८७० च्या शरद ऋतूत हार्वर्ड लॉ स्कूलचे नवे डीन ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल वर्गात आले आणि त्यांनी व्याख्यान दिलंच नाही. एका विद्यार्थ्याचं नाव घेऊन म्हणाले, 'पेन विरुद्ध केव्ह'ची हकीकत सांगा. खटला इंग्लंडमधला, १७८९ चा. लिलावात एकाने दारू गाळायच्या उपकरणावर ४० पौंडांची बोली लावली आणि हातोडा पडायच्या आत ती मागे घेतली. बोली मागे घेता येते का? कोर्ट म्हणालं, येते. पण लँगडेल तिथे थांबणारे नव्हते. बोली म्हणजे प्रस्ताव की स्वीकृती? हातोडा पडतो तेव्हा नेमकं काय घडतं? एकाचं उत्तर आलं की त्यावर दुसऱ्याला उठवायचं.

मुलं वैतागली. कायदा काय आहे ते सांगा, एवढीच त्यांची मागणी होती. हळूहळू वर्ग ओस पडला, मूठभर निष्ठावंत तेवढे उरले. १८७२ मध्ये जवळच बॉस्टन विद्यापीठाने आपलं लॉ स्कूल काढलं, तिथे व्याख्यानाची जुनी पद्धत चालू राहिली.

शिक्षकाने बोलायचं आणि विद्यार्थ्याने उतरवून घ्यायचं, ही रीत आळसातून आलेली नव्हती. बाराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात पुस्तक हाताने लिहिलेलं असे आणि ते परवडणारा विरळाच. इर्नेरियस आणि त्याच्या परंपरेतले शिक्षक रोमन सम्राट जस्टिनियनची कायद्याची संहिता ओळीओळीने वाचून दाखवत आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ समासात लिहीत. तेराव्या शतकात अ‍ॅक्युर्सियसने अशा टिपा एकत्र केल्या, तेव्हा त्या सुमारे ९७ हजार भरल्या. शिक्षकाचा पगार मात्र विद्यार्थ्यांच्या संघाच्या हाती होता. उशिरा आला, दंड. ठरलेला भाग मुदतीत संपवला नाही, दंड. (स्टुडंट फीडबॅकच्या फॉर्मवर चिडणाऱ्या प्राध्यापकांनी हे जरूर वाचावं.)

इंग्लंडची तऱ्हा निराळी. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये रोमन आणि चर्चचा कायदा शिकवत. देशाचा चालू कायदा शिकायचा तर लंडनच्या इन्स ऑफ कोर्ट या वकिलांच्या संस्थांमध्ये, त्यांच्या पंगतीत बसून. तिथे शिकवणारा आधी वकील, मग शिक्षक. विल्यम ब्लॅकस्टोन १७५८ मध्ये ऑक्सफर्डला इंग्लिश कायद्याचे पहिले व्हायनेरियन प्राध्यापक झाले आणि कॉमन लॉ, म्हणजे कोर्टांच्या निकालांतून घडलेला हा देशी कायदा, पहिल्यांदा रीतसर विद्यापीठात आला. गंमत अशी की ब्लॅकस्टोन यांची वकिली तोवर फारशी चाललेली नव्हती. शिकवणं मात्र असं जमलं, की त्या व्याख्यानांची पुस्तकं पुढे अमेरिकेतल्या वकिलांच्याही टेबलावर जाऊन बसली.

म्हणजे प्रश्न जुनाच आहे: कायदा शिकवायला कोर्टातला माणूस हवा की ग्रंथालयातला? लँगडेल यांनी त्याचं उत्तर फार ठामपणे दिलं. त्यांनी स्वतः न्यूयॉर्कमध्ये दीड दशक वकिली केली होती, तरी त्यांच्या लेखी शिक्षकाची पात्रता वकिलीच्या अनुभवावर नव्हे, कायद्याच्या अभ्यासावर ठरत होती. ग्रंथालय ही त्यांची प्रयोगशाळा. १८७३ मध्ये त्यांच्या हार्वर्डने जेम्स बार एम्स यांना नेमलं. पदवी घेऊन जेमतेम वर्ष झालेलं, वकिली जवळपास शून्य. त्यावर कुरबूर झाली, पण एम्स उत्तम शिक्षक निघाले आणि पुढे डीनही झाले. ज्याचा पूर्ण वेळचा धंदाच शिकवणं आणि लिहिणं, असा विधी प्राध्यापक इथून रूढ झाला. माझ्या मते लँगडेल यांची खरी क्रांती प्रश्नोत्तरांपेक्षा या नेमणुकीत आहे.

तिची किंमतही मोजावी लागली. वर्गात येणारे निकाल अपील कोर्टाचे. तिथपर्यंत पोहोचताना हकीकत चाळणीतून गेलेली असते. घाबरलेला अशील, फिरलेला साक्षीदार, हरवलेला कागद, काहीच दिसत नाही. हीच तक्रार घेऊन अमेरिकन वकील जेरोम फ्रँक यांनी १९३३ मध्ये लेख लिहिला: डॉक्टरांना दवाखान्यात शिकवतात, मग वकिलांना का नाही? त्या विचाराला पैशाचं बळ मिळायला १९६८ उजाडावं लागलं. तेव्हा फोर्ड फाउंडेशनच्या निधीतून अमेरिकेतल्या लॉ स्कूलांमध्ये लीगल क्लिनिक, म्हणजे शिक्षकाच्या देखरेखीखाली विद्यार्थी खऱ्या अशिलांची कामं करतात अशी केंद्रं, मोठ्या संख्येने उभी राहिली.

क्लिनिकमधला शिक्षक वेगळाच प्राणी. घर रिकामं करायची नोटीस आलेली बाई समोर बसलेली, विद्यार्थी प्रश्न विचारतोय आणि शिक्षक कोपऱ्यात गप्प. विद्यार्थी तारखा विचारतो, भाडं विचारतो, सगळं लिहून घेतो. ती गेल्यावर शिक्षक विचारतो, 'पावत्यांचा विषय निघाला तेव्हा तिने पिशवी जवळ ओढली. पिशवीत काय होतं, विचारलंस?' हे कुठल्या निकालपत्रात सापडणार?

भारतात ही ओढाताण नियमांतच उतरलेली दिसते. मुंबईत कायद्याचे वर्ग १८५५ मध्ये सुरू झाले. पुढे कित्येक दशकं देशभर कायदा शिकवला तो बहुतेक वकिलांनीच, कोर्टाच्या आधी किंवा नंतर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकिली करत असतानाच १९२८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवत होते आणि १९३५ मध्ये तिथले प्राचार्य झाले. आज मात्र पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. १९७९ च्या नियमांनी वकिलाला शिकवायची मुभा आहे, ती दिवसाला तीन तासांच्या आत. १९८८ मध्ये बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे पाच वर्षांचे वर्ग माधव मेनन यांच्या पुढाकाराने सुरू झाले आणि पूर्ण वेळ शिक्षकाला मान आला. पुढे वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलने मसुदालेखन आणि मूट कोर्ट (लुटुपुटीचा खटला) यांसारखे प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले. आता गंमत पाहा: दावा कसा लिहायचा हे शिकवायचं त्याने, ज्याला दावा दाखल करायला मनाई आहे. चांगली कॉलेजं बाहेरून वकील बोलावतात. इतरत्र नमुन्यावरून वही भरली जाते.

तेवढ्यात यंत्र आलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलर दंड केला, कारण त्यांनी सादर केलेले निकाल चॅटजीपीटीने रचलेले होते, प्रत्यक्षात तसे खटलेच नव्हते. घरून लिहून आणलेल्या टिपणाची तीच गत होऊ शकते, म्हणून तोंडी परीक्षेची भाषा पुन्हा ऐकू येते आहे. टिपण कितीही सफाईदार असो, विद्यार्थ्याला उभं करून विचारावं लागतं: हकीकत सांगा.