हायड्रेंजियाचा निळा रंग आणि मातीतले ॲल्युमिनियम

वळवाच्या सरी पडून गेल्या आणि बेळगाव-खानापूरच्या बंगल्यांपुढे हायड्रेंजियाचे भरघोस गेंद दिसू लागले, की हे झाड म्हणजे मातीचा लिटमस कागद आहे, असे विधान हमखास ऐकू येते. खानापूरच्या तांबड्या मातीत निळे फुलणाऱ्या झाडाची काडी निपाणीच्या काळ्या मातीत नेऊन रुजवली, तर तिला बहुधा गुलाबी फुले येतात, एवढे निरीक्षण खरे आहे. मात्र मातीतली आम्लता फुलापर्यंत चढते आणि तीच रंग बदलते, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. लिटमस आम्लात तांबडा होतो, गोकर्णीच्या निळ्या अर्कात लिंबू पिळले की तोही जांभळ्या-गुलाबीकडे झुकतो; हायड्रेंजिया मात्र आम्लधर्मी मातीतच निळा होतो. दिशा अशी उलटी आहे, कारण माती आणि रंग यांच्यामध्ये ॲल्युमिनियम हा तिसरा घटक आहे.

पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्याखालोखाल ॲल्युमिनियमच आहे, वजनाने सुमारे ८ टक्के. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला मुसळधार पावसाने लाखो वर्षे खडकातला चुना आणि सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. जांभा असाच तयार झाला आणि बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिजही. चंदगड-राधानगरीकडच्या बॉक्साइटवर बेळगावात ॲल्युमिना तयार करण्याचा कारखाना उभा राहिला, तो याच भूशास्त्रीय वारशामुळे. तरीही मातीत ॲल्युमिनियम असणे आणि ते मुळांना मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मातीचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली असेल तरच ॲल्युमिनियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, पाण्यात विरघळतात. सामू ६.५ च्या वर गेला, की ते हायड्रॉक्साइडच्या रूपात मातीतच अडकून पडते. अथणी-रायबागच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीतही ॲल्युमिनियम भरपूर आहे, पण झाडाच्या दृष्टीने ते कुलूपबंद आहे.

विरघळलेले ॲल्युमिनियम बहुतेक पिकांच्या मुळांची टोके खुरटवते. हायड्रेंजिया ते सायट्रिक आम्लाच्या रेणूंशी बांधून निरुपद्रवी करतो आणि फुलांपर्यंत पोहोचवतो. गेंदातले एक फूल जवळून पाहिले, तर मध्यभागी मोहरीएवढा मणी दिसतो. खरे फूल म्हणजे तो मणी. भोवतीची चार रंगीत पाने या पाकळ्या नसून निदले, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची पाने, आहेत. निदलाच्या वरच्या त्वचेखालच्या पेशींत रसाने भरलेली मोठी पोकळी (रिक्तिका) असते आणि त्या रसात डेल्फिनिडिन या रंगद्रव्याचे ग्लुकोजशी जोडलेले रूप असते. निळ्या आणि गुलाबी, दोन्ही फुलांत रंगद्रव्य हेच असते.

डेल्फिनिडिनच्या रेणूतील एका कड्यावर तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) शेजारीशेजारी असतात. ॲल्युमिनियमचा आयन त्यांपैकी लगतच्या दोन गटांतील हायड्रोजन हटवून तिथे स्वतः जोडला जातो. त्यामुळे रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, रेणू पिवळा-नारिंगी प्रकाश शोषू लागतो आणि आपल्या डोळ्यांना निळा रंग दिसतो. पण एवढ्याने भागत नाही, कारण रंगद्रव्य आणि ॲल्युमिनियम यांची ही जोडी एकटी टिकत नाही. तिला क्विनिक आम्लापासून बनलेल्या एका रंगहीन साथीदाराची गरज असते, आणि त्या साथीदाराची रचनाही नेमकी हवी. क्विनिक आम्लाच्या पाचव्या कार्बनवर कॅफिक आम्लाचा भाग जोडलेला असेल तर निळा रंग स्थिर राहतो. तोच भाग तिसऱ्या कार्बनवर असेल, म्हणजे कॉफीच्या बियांत सापडणारे क्लोरोजेनिक आम्ल असेल, तर राहत नाही. घटक तेच, फक्त जोडण्याची जागा बदलली, तरी फुलाचा रंग बदलतो, याचे मला आजही विलक्षण अप्रूप वाटते.

जपानमधील नागोया विद्यापीठाच्या कुमी योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म विद्युतअग्राने (इलेक्ट्रोडने) एकेका पेशीतील रसाचा सामू मोजला, तेव्हा तो निळ्या पेशींत सुमारे ४.१ आणि तांबड्या पेशींत सुमारे ३.३ भरला. म्हणजे आम्लधर्मी मातीत फुललेल्या निळ्या फुलाचा रस गुलाबी फुलाच्या रसापेक्षा कमी आम्लधर्मी असतो. लिटमसची उपमा इथे पुरती निकालात निघते.

ही गल्लत मोठ्या शास्त्रज्ञांचीही झाली होती. वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील कामासाठी १९१५ चे नोबेल मिळालेल्या रिचर्ड विलस्टेटर यांना तांबडा गुलाब आणि निळा कॉर्नफ्लॉवर यांत एकच रंगद्रव्य आढळले, आणि रंगातला फरक रसाच्या आम्लतेमुळे पडतो असे त्यांनी मानले. धातूंचा सहभाग जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ केइता शिबाता यांनी १९१९ मध्ये सुचवला, आणि कॉर्नफ्लॉवरच्या निळेपणातही लोह व मॅग्नेशियम गुंतलेले आहेत हे पुढे सिद्ध झाले.

तेव्हा दारातल्या झाडाचा रंग अचानक बदलला, तर दृष्ट लागली किंवा देवाचा कौल मिळाला असे समजून लिंबू-मिरची बांधू नये. आधी पाणी कुठले घालतो ते तपासावे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कुंडीतल्या तांबड्या मातीचा सामू हळूहळू वर चढतो, आणि सिमेंटच्या भिंतीलगतच्या मातीचेही तेच होते. गंजके खिळे पुरण्याचा सल्ला निरुपयोगी आहे, कारण या फुलाला लोह नव्हे तर ॲल्युमिनियम लागते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या 'सप्तरंगी हायड्रेंजिया'च्या बियांवर तर कोणीही पैसे घालवू नयेत. निळा रंग हवा असेल तर तुरटी पुरते, कारण तुरटी हे ॲल्युमिनियमचेच क्षार आहे. चार लिटर पाण्यात एक चमचा तुरटी विरघळवून ते पाणी आधीच ओल्या असलेल्या मातीत अधूनमधून घालावे. जास्त झाल्यास मुळे करपतात. सुपर फॉस्फेट आणि हाडांचा चुरा त्या काळात टाळावा, कारण फॉस्फेट ॲल्युमिनियमला बांधून ठेवते. उमललेल्या गेंदाचा रंग याने पालटणार नाही, म्हणून हा उपाय कळ्या धरण्याच्या कितीतरी आधी सुरू करावा लागतो. शुद्ध पांढऱ्या जातींवर मात्र तुरटी वाया घालवू नये. त्यांच्या निदलांत हे रंगद्रव्यच नसते.