गोलात बसूनही बोलायची पाळी का हुकते?

सगळ्यांना गोल करून बसवलं की चर्चा आपोआप बरोबरीची होते, असं बऱ्याच बैठकांत गृहीत धरलं जातं. गोलामुळे सगळ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसतात, एवढं खरं. पण बोलायला कोणाला मिळणार, हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरतं. 2009 साली दहा भाषांमधल्या गप्पा मोजून पाहिल्या गेल्या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी 0.2 सेकंदाच्या आसपास निघाला. समोरच्या चित्राचं नुसतं नाव घ्यायलाही माणसाला साधारण 0.6 सेकंद लागतात. म्हणजे आधीच्याचं बोलणं चालू असतानाच पुढच्याने आपलं वाक्य जुळवलेलं असतं. जो विचार करून बोलतो, प्रमाण भाषेत अडखळतो किंवा वडीलधाऱ्यांपुढे थांबतो, त्याची पाळी दर वेळी हुकते. मग ‘त्यांना काही म्हणायचंच नव्हतं’ अशी नोंद होते, आणि हा त्या माणसावर अन्याय आहे.

उत्तर अमेरिकेतल्या अनेक आदिवासी समाजांत यावर जुना उपाय आहे. काठी किंवा पीस हातोहात फिरतं आणि ते ज्याच्या हाती, तोच बोलतो. बाकीचे मधे तोंड घालत नाहीत. वस्तू कुठलीही चालेल, अगदी गुळगुळीत दगडही. मात्र ती एकाच दिशेने, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जायला हवी. ‘कोण बोलतंय?’ असं विचारून मधूनच कोणाच्या हाती दिली, की पुन्हा चपळ माणसंच ती उचलतात.

गोल केवढा असावा? मांडी घालून बसायला माणशी 75 सेंटीमीटर धरले, तर 12 जणांच्या गोलाचा व्यास 2.9 मीटर होतो, 24 जणांचा 5.7. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलने उतरतो, आणि हळू बोलणारी व्यक्ती समोरच्याला ऐकूच येत नाही. शिवाय माणशी दोन मिनिटं म्हटली तरी 24 जणांची एक फेरी 48 मिनिटं चालते. पंधराच्या वर माणसं असतील तर सरळ दोन गोल करावेत.

फेरीतही एक खोट आहे. पाळी जवळ आली की माणूस मनात स्वतःचं बोलणं घोळवू लागतो. 1973 साली मानसशास्त्रज्ञ माल्कम ब्रेनर यांना प्रयोगात आढळलं, की आपल्या पाळीच्या लगेच आधी जे बोललं गेलं तेच लोकांना सर्वांत कमी आठवतं. म्हणून प्रश्न सांगितल्यावर एक मिनिट शांतता ठेवावी, हवं तर मुद्दा कागदावर लिहू द्यावा. दुसरी फेरी तर टाळूच नये. खरी देवाणघेवाण तिथेच होते.

सुरुवात सरपंच, मुख्याध्यापक किंवा अध्यक्षांपासून करू नये. त्यांचं मत आधी आलं की पुढचे त्याचीच री ओढतात. त्यांची पाळी फेरीच्या शेवटी येईल अशा जागी त्यांना बसवावं. कोणी न बोलता वस्तू पुढे दिली तर कारण विचारू नये. फेरी संपल्यावर ती त्या व्यक्तीकडे एकदा परत न्यावी आणि दहा सेकंद थांबावं.